खाल्लेले अंगी का लागत नाही?

जन्मजात हृदयदोष असलेल्या बाळांचे पोषण आणि वाढ

जन्मताना तीन किलो भरलेले बाळ. पहिला महिना बरा जातो. दुसऱ्या महिन्यापासून मात्र दूध पिताना त्याला धाप लागू लागते. चार घोट घेतले की ते थांबते, कपाळावर घाम डवरतो, थकून ते झोपी जाते आणि अर्ध्या तासात भुकेने रडत पुन्हा उठते. वजनकाटा काही केल्या पुढे सरकत नाही. 'आईचे दूधच पातळ आहे' असे निदान घरातील वडीलधारी मंडळी करून मोकळी होतात. कोणी दृष्ट काढते, कोणी वरचे दूध सुरू करण्याचा सल्ला देते. आईलाही आपलेच काही चुकत असल्यासारखे वाटू लागते. पुढे कधी तरी सर्दी-खोकल्याच्या निमित्ताने डॉक्टरांकडे गेल्यावर हृदयाचा जादा आवाज ऐकू येतो, टू-डी इको तपासणी होते आणि हृदयाच्या पडद्याला मोठे छिद्र असल्याचे निष्पन्न होते.

दोष दुधात नसतो आणि आईतही नसतो. बाळ जे पिते त्यातील मोठा वाटा त्याचे हृदय आणि फुफ्फुसेच खर्च करून टाकतात. त्यामुळे वजन न वाढणे हे या आजारात केवळ अशक्तपणाचे चिन्ह नसून हृदयविकाराचे लक्षण असते. ही गोष्ट जितक्या लवकर ध्यानात येईल तितके बाळाच्या हिताचे ठरते.

प्रमाण किती?

दर एक हजार जिवंत जन्मांमागे साधारण आठ ते नऊ बालकांत हृदयाची जन्मजात विकृती आढळते. भारतात दरवर्षी अशी दोन लाखांहून अधिक बालके जन्माला येतात आणि त्यांपैकी सुमारे एक पंचमांश बालकांना पहिल्या वर्षातच शस्त्रक्रिया अथवा अन्य उपचारांची गरज भासते, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे.

मात्र हृदयाला छिद्र आहे म्हणजे वाढ खुंटणारच, असे नाही. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधील पडद्याचे छिद्र, म्हणजेच 'व्हीएसडी', लहान असेल तर बाळ इतर मुलांसारखेच वाढते आणि अनेकदा ते छिद्र आपोआप बुजते. वरच्या कप्प्यांमधील छिद्राचा म्हणजे 'एएसडी'चाही लहान वयात वाढीवर सहसा फारसा परिणाम होत नाही. वाढीचा प्रश्न गंभीर होतो तो मोठी व्हीएसडी, जन्मानंतर बंद न झालेली मोठी रक्तवाहिनी म्हणजे 'पीडीए', मधल्या पडद्याचा आणि झडपांचा एकत्रित दोष, तसेच एकच कार्यक्षम खालचा कप्पा असलेले हृदय अशा विकारांमध्ये.

दुसऱ्या महिन्यातच त्रास का?

गर्भात असताना बाळाची फुफ्फुसे काम करीत नसतात आणि त्यांतील रक्तवाहिन्या आकुंचित असतात. जन्मानंतर पहिल्या चार ते आठ आठवड्यांत हा दाब हळूहळू उतरतो. दाब उतरला की डाव्या बाजूचे शुद्ध रक्त छिद्रातून उजवीकडे वळते आणि पुन्हा फुफ्फुसांत जाते. एकच रक्त दोनदा फिरते. फुफ्फुसांत रक्ताची गर्दी होते, श्वास जलद होतो आणि हृदयाला दुप्पट-तिप्पट राबावे लागते. प्रसूतीनंतर घरी जाताना ठणठणीत दिसलेले बाळ दीड-दोन महिन्यांनी हैराण होते, त्यामागे हे कारण असते. जन्मावेळच्या तपासणीत काही आढळले नाही, म्हणून पुढे शंका घेऊ नये असे समजणे त्यामुळेच चुकीचे ठरते.

ऊर्जेचे व्यस्त गणित

पहिल्या काही महिन्यांत निरोगी बाळाला दर किलो वजनामागे दिवसाला साधारण १०० ते ११० किलोकॅलरी लागतात. हृदयावर ताण असलेल्या बाळाची गरज १२० ते १५० किलोकॅलरींपर्यंत जाते. आईच्या १०० मिलिलिटर दुधातून सुमारे ६७ किलोकॅलरी मिळतात. चार किलो वजनाच्या निरोगी बाळाला दिवसभरात सव्वासहाशे मिलिलिटरच्या आसपास दूध पुरते. तेवढ्याच वजनाच्या हृदयरोगी बाळाला किलोमागे १४० किलोकॅलरी द्यायच्या, तर सव्वाआठशे मिलिलिटरहून अधिक दूध पाजावे लागेल.

प्रत्यक्षात घडते ते उलटेच. धाप लागणारे बाळ निरोगी बाळाइतकेही दूध पिऊ शकत नाही. दिवसभरात साडेचारशे मिलिलिटर दूध पोटात गेले, तर त्यातून मिळतात जेमतेम ३०० किलोकॅलरी. गरज असते ५६० ची. हृदयावरचा भार कमी करण्यासाठी अनेकदा लघवी वाढवणारी औषधे दिली जातात आणि काही बाळांत एकूण द्रवाच्या प्रमाणावरही मर्यादा घालावी लागते. यकृताला सूज आल्याने पोट लवकर भरल्यासारखे होते, उलट्या होतात. आतड्यांकडे रक्त कमी पोहोचल्याने पचन आणि शोषणही मंदावते. त्यातच वारंवार न्यूमोनिया झाला, की प्रत्येक आजारपणात थोडेफार कमावलेले वजनही निघून जाते.

गरज वाढलेली, आवक घटलेली आणि गळती सुरू, अशी ही तिहेरी कोंडी असते. म्हणूनच 'जास्त पाजा' एवढा सल्ला येथे अपुरा पडतो. तेवढ्याच दुधात अधिक ऊर्जा कशी देता येईल, हा खरा प्रश्न असतो.

दोषाप्रमाणे वाढीची तऱ्हा

छिद्रामुळे फुफ्फुसांत जादा रक्त जाणाऱ्या मुलांत आधी वजन मागे पडते. उंची बराच काळ टिकून राहते आणि डोक्याचा घेर सर्वांत शेवटी घटतो. असे मूल हडकुळे आणि डोक्याने मोठे दिसते. अंग निळसर पडणाऱ्या विकारांत, उदाहरणार्थ 'टेट्रालॉजी ऑफ फॅलॉट'मध्ये, ऊतींना प्राणवायू कमी मिळत असल्याने वजन आणि उंची दोन्हींवर परिणाम होऊ शकतो. फुफ्फुसांतील रक्तदाब वाढलेला असेल तर वाढीचे नुकसान अधिक होते.

निळसर मुलांत लोहाचा प्रश्न फसवा असतो. प्राणवायूची कमतरता भरून काढण्यासाठी शरीर तांबड्या पेशी जास्त बनवते. त्यामुळे इतर मुलांत उत्तम समजले जाणारे हिमोग्लोबिन या मुलांत अपुरे असू शकते आणि अहवाल पाहून 'रक्त चांगले आहे' असा गैरसमज होतो. लोह कमी पडल्यास निळे पडण्याचे झटके वाढण्याची आणि मेंदूतील रक्तवाहिनीत अडथळा येण्याची भीती असते. लोहाची तपासणी आणि मात्रा त्यामुळेच हृदयरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने ठरवावी लागते. जुलाब, उलट्या किंवा कडक उन्हाळा यांत या मुलांच्या अंगातील पाणी कमी होऊ देणे धोक्याचे असते, कारण त्यांचे रक्त मुळातच दाट असते.

डाऊन सिंड्रोम असलेल्या बालकांपैकी जवळपास निम्म्या बालकांत हृदयदोष असतो. त्यांची वाढ मुळातच संथ असते आणि थायरॉईडची कमतरताही आढळू शकते. त्यांच्या बाबतीत दोन्ही बाजू तपासाव्या लागतात.

सर्वांत स्वस्त उपकरण

वाढीचा आलेख हे या आजारातील सर्वांत स्वस्त आणि तरीही सर्वाधिक दुर्लक्षित उपकरण आहे. पहिल्या तीन महिन्यांत निरोगी बाळाचे वजन रोज सरासरी २५ ते ३० ग्रॅमने वाढते. पाचव्या महिन्याच्या सुमारास ते जन्मवजनाच्या दुप्पट आणि वर्षाअखेर तिप्पट होते. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये पाच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी वाढीची प्रमाणके प्रसिद्ध केली. अंगणवाडीत मिळणाऱ्या माता व बालसंरक्षण कार्डावरील आलेख त्यांवरच आधारलेले आहेत.

एका दिवसाच्या वजनापेक्षा रेषेची दिशा महत्त्वाची असते. रेषा आडवी झाली किंवा खालच्या पट्ट्यात घसरली, तर पुढच्या महिन्याची वाट पाहू नये. हृदयरोगी बाळाचे वजन आठवड्यातून एकदा, त्याच काट्यावर, शक्यतो त्याच वेळी आणि कपडे काढून घ्यावे. येथे एक सावधगिरी मात्र आवश्यक आहे. एक-दोन दिवसांत वजन एकदम वाढले आणि सोबत पापण्या सुजल्या, धाप वाढली, तर ते बाळसे नसून अंगात साठलेले पाणी असू शकते.

याच संदर्भात आणखी एक मुद्दा लक्षात घ्यायला हवा. ग्राम बाल विकास केंद्रात किंवा पोषण पुनर्वसन केंद्रात योग्य आहार मिळूनही एखाद्या तीव्र कुपोषित बालकाचे वजन वाढत नसेल, तर त्याचे हृदय तपासले जाणे अगत्याचे आहे. कुपोषणाचा शिक्का बसला की मूळ आजार त्याखाली झाकला जाण्याचा धोका असतो.

आईचे दूध तोडू नये

हृदयरोगी बाळाला अंगावर पिणे झेपणार नाही, बाटलीचे दूध सोपे जाईल, असा समज सर्वदूर आढळतो. अभ्यासांत नेमके उलटे दिसून आले आहे. अंगावर पिताना बाळ गिळणे आणि श्वास यांचा मेळ स्वतः राखते आणि रक्तातील प्राणवायूचे प्रमाण बाटलीच्या तुलनेत अधिक स्थिर राहते. शिवाय न्यूमोनिया आणि जुलाबांपासून आईचे दूध जे संरक्षण देते, त्याची गरज या बाळांना इतरांपेक्षा अधिक असते.

बाळाला थोडे उठते धरून, दर दोन-अडीच तासांनी, थोडे थोडे पाजावे. एका वेळचे पाजणे अर्ध्या तासाहून अधिक लांबवू नये. त्यापुढे बाळ कमावते त्यापेक्षा जास्त खर्च करते. उरलेले दूध काढून वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने द्यावे. पाजण्याच्या अखेरीस येणाऱ्या दुधात स्निग्धांश जास्त असतो. दूध भरपूर असलेल्या आईने आधीचे थोडे दूध काढून ठेवून बाळाला नंतरचे दूध मिळू दिले, तर तेवढ्याच घोटांत अधिक ऊर्जा जाते.

तेवढ्यानेही वजन वाढले नाही, तर काढलेल्या दुधात पोषक पूड मिसळून त्याची ऊर्जा १०० मिलिलिटरमागे ८० किलोकॅलरी किंवा त्याहून अधिक करता येते. ही पूड किती आणि केव्हा द्यायची, हे डॉक्टर आणि आहारतज्ज्ञांनीच ठरवावे. घरच्या घरी डब्याचे दूध दाट कालवण्याचा प्रयोग मूत्रपिंडांवर ताण आणणारा ठरू शकतो. वर्षाच्या आतील बाळाला मध चाटवू नये. घरगुती गुटी किंवा काढे देऊन पोटातील मोलाची जागा अडवू नये.

नळीची भीती नको

काही बाळांना नाकातून पोटात बारीक नळी घालून दूध द्यावे लागते. 'आता बाळ तोंडाने पिणारच नाही' या भीतीने पालक धास्तावतात. वस्तुतः नळीमुळे बाळाची दमछाक वाचते. दिवसा जमेल तेवढे तोंडाने आणि उरलेले नळीने, किंवा रात्री सावकाश नळीने, अशी विभागणी करता येते. तोंडाची सवय मोडू नये म्हणून नळीने दूध देतानाही बाळाला थोडा वेळ अंगावर घेतले जाते. नळी हा शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचवणारा पूल आहे. तिच्याकडे पराभव म्हणून पाहू नये.

सहा महिन्यांनंतर ताटात काय?

वरच्या आहाराची सुरुवात आपल्याकडे भाताची पेज आणि वरणाचे पाणी यांनी होते. निरोगी बाळाला चवीपुरते ते ठीक असले, तरी हृदयरोगी बाळाच्या इवल्याशा पोटात पाणीच भरण्याचा तो प्रकार असतो. वरणावरचे पाणी देण्याऐवजी खालची घट्ट डाळ मऊ भातात कुस्करून, वर साजूक तूप घालून द्यावी. पाच ग्रॅम म्हणजे साधारण एक चमचा तुपातून ४५ किलोकॅलरी मिळतात आणि घासाचा आकार मात्र वाढत नाही. खिचडी, कुस्करलेले केळे, उकडलेला बटाटा, अंडे, दही आणि शेंगदाण्याचे बारीक कूट घालून शिजवलेली लापशी हे पदार्थ प्रत्येक घरात उपलब्ध असतात. अख्खे शेंगदाणे मात्र घशात अडकू शकतात, ते देऊ नयेत.

नाचणी सत्त्वाची परंपरा येथे उपयोगी पडते. धान्य मोड आणून, वाळवून दळले की त्याच्या पिठाची लापशी कमी दाटसर होते. त्यामुळे तेवढ्याच वाटीत अधिक पीठ शिजवता येते आणि बाळाला ते सहज गिळता येते. वर्षाच्या आतील बाळाच्या खाण्यात वरून मीठ घालू नये. त्यानंतरही पापड, लोणची, वेफर्स यांपासून या मुलांना दूर ठेवावे, कारण मिठाने अंगात पाणी साठते.

वजन वाढावे म्हणून साखर आणि बिस्किटांचा मारा करणेही योग्य नव्हे. किडलेल्या दातांतून रक्तात शिरलेले जंतू सदोष हृदयाच्या आतील अस्तराला संसर्ग करू शकतात आणि तो आजार जिवावर बेततो. पहिला दात आल्यापासूनच दातांची निगा राखणे हा हृदयाच्या काळजीचाच भाग होय.

'आधी वजन, मग ऑपरेशन'?

'बाळ पाच-सहा किलोंचे होऊ द्या, मग शस्त्रक्रिया करू' ही समजूत आजही अनेक कुटुंबांत घट्ट रुजलेली आहे. पूर्वी लहान बाळांची शस्त्रक्रिया जोखमीची होती, त्या काळाचा हा अवशेष म्हणावा लागेल. मोठ्या छिद्रामुळेच वजन अडले असेल, तर वजन वाढण्याची वाट पाहणे म्हणजे न येणाऱ्या गाडीची वाट पाहण्यासारखे आहे. दरम्यान फुफ्फुसांतील रक्तदाब वाढत जातो आणि एका मर्यादेनंतर तो कायमचा होतो. मग छिद्र बुजवण्याची संधीच हातची निसटते.

हृदयशस्त्रक्रियेच्या इतिहासातील एक प्रसिद्ध घटना या संदर्भात आठवण्याजोगी आहे. २९ नोव्हेंबर १९४४ रोजी अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात निळसर बाळावर पहिली ऐतिहासिक शस्त्रक्रिया झाली. बालहृदयरोगतज्ज्ञ हेलन टॉसिग यांची कल्पना, व्हिव्हियन थॉमस यांचे प्रयोग आणि शल्यचिकित्सक आल्फ्रेड ब्लॅलॉक यांचे हात त्यामागे होते. आयलीन सॅक्सन ही रुग्ण मुलगी १५ महिन्यांची होती आणि तिचे वजन अवघे चार किलोंच्या आसपास होते. ती पुढे फार जगली नाही. परंतु त्या शस्त्रक्रियेने हजारो बालकांचा मार्ग खुला केला. वजन वाढण्याची वाट पाहिली असती, तर ही शस्त्रक्रिया झालीच नसती.

आता मोठी व्हीएसडी असून औषधे व आहार यांनी वजन वाढत नसेल, तर साधारण तीन ते सहा महिन्यांच्या वयातच छिद्र बंद करण्याकडे कल असतो. गरज भासल्यास त्याआधीही शस्त्रक्रिया केली जाते. कोची येथील अमृता संस्थेतील डॉक्टरांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, उपचारासाठी आलेल्या हृदयदोषाच्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुले कुपोषित आढळली होती आणि हृदयदोष दुरुस्त केल्यानंतर त्यांच्या वाढीत लक्षणीय सुधारणा दिसली होती. अर्थात तोपर्यंतचा आहार गौण ठरत नाही. नीट पोसलेल्या बाळाच्या जखमा लवकर भरतात आणि त्याला संसर्गाचा धोका कमी असतो. आहार आणि शस्त्रक्रिया यांत आधी कोण, असा वाद नसून दोन्ही एकाच वेळी चालवायच्या असतात.

शस्त्रक्रियेनंतर

छिद्र बंद झाल्यावर बाळाची धाप ओसरते, घाम थांबतो आणि भूक उघडते. पहिल्या सहा महिने ते वर्षभरात वजन भरून निघू लागते. उंची त्यामागून येते. ज्यांची दुरुस्ती टप्प्याटप्प्याने करावी लागते, अशा एकाच कार्यक्षम कप्प्याच्या मुलांची वाढ मात्र संथ राहते.

काही बाळांत शस्त्रक्रियेनंतर छातीत दुधाळ द्रव साठतो. अशा वेळी नेहमीचे स्निग्ध पदार्थ काही आठवडे पूर्ण बंद करून विशिष्ट प्रकारच्या स्निग्धांशाचा आहार द्यावा लागतो. तेव्हा प्रेमापोटी घातलेला तुपाचा एक चमचाही अपाय करतो. गिळताना ठसका लागणे, आवाज घोगरा होणे याकडेही दुर्लक्ष करू नये. वजन वयाला साजेसे झाले की जादा तूप-तेल कमी करावे. हृदयाची शस्त्रक्रिया झालेल्या मुलाला पुढे लठ्ठपणा परवडणारा नाही.

मदत कोठे मिळते?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करणाऱ्या या कार्यक्रमात जन्मजात हृदयदोषाचा समावेश आहे. फिरती पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणी करतात. संशयित बालकांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रामार्फत पुढील रुग्णालयात पाठवले जाते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतही बालकांच्या हृदयशस्त्रक्रियांचा समावेश आहे. शहरातील पालकांनी या सुविधा केवळ ग्रामीण भागासाठी आहेत असे समजू नये. महापालिका रुग्णालयातील समाजसेवा विभागाकडे त्यांची चौकशी करता येते.

पालकांनी लक्षात ठेवावे

* दूध पिताना कपाळावर घाम, धाप आणि वारंवार थांबणे ही लक्षणे दिसल्यास हृदयाची तपासणी करून घ्यावी.
* वजन दर आठवड्याला नोंदवावे आणि ती वही प्रत्येक तपासणीला सोबत न्यावी.
* एका वेळचे पाजणे अर्ध्या तासात आटोपावे. संख्या वाढवावी, वेळ वाढवू नये.
* औषधाची मात्रा वजनावर अवलंबून असते. वजन बदलले की डॉक्टरांना विचारून घ्यावे.
* लसीकरण चुकवू नये. न्यूमोकोकल आणि इन्फ्लुएन्झा लसींबाबत डॉक्टरांशी बोलावे.
* शांत झोपेतही दोन महिन्यांखालील बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक आणि त्यापुढे वर्षापर्यंतच्या बाळाचा ५० किंवा अधिक वेळा होत असेल, छाती आत ओढली जात असेल, ओठ निळे पडत असतील किंवा बाळाने लागोपाठ दोन-तीन वेळा दूध नाकारले असेल, तर तातडीने रुग्णालय गाठावे.
* शस्त्रक्रियेची तारीख 'वजन वाढल्यावर' अशी मोघम ठेवू नये. किती वजन, किती दिवसांत आणि तेवढे न वाढल्यास पुढे काय, हे हृदयरोगतज्ज्ञांना स्पष्ट विचारावे.